उपवासाला न बधलेलं पोट

इरम्मा बोलली ती थट्टेत. तिच्या मनात काही नव्हतं, हे शामलालाही ठाऊक होतं.

इरम्मा कर्नाटकातल्या आळंदकडची. वर्षातून दोनदा, चैत्रात आणि पौषात, ती तुळजापूरला देवीला यायची. सासऱ्यांच्या वेळेपासून तिचं कुटुंब मार्तंडगुरुजींच्या घरी उतरायचं. पूजा, नैवेद्य, जेवण सगळं त्याच घरातून. गुरुजी पूजा सांगायचे आणि त्यांची बायको शामला चुलीपुढं उभी राहून पुरणाच्या पोळ्या लाटायची. त्या चैत्रात पंगत बसली होती. शामला पोळ्यांची चळत घेऊन वाढायला आली, तिच्या निऱ्यांकडं बघत इरम्मा भरल्या तोंडानं म्हणाली,

"वैनी, पाचवा चालू हाय का सहावा?"

पंगत हसली. पोथी चाळत बसलेल्या गुरुजींच्या ओठांवरही हसू आलं आणि त्यांनी ते पान उलटण्याच्या निमित्तानं लपवलं. शामलाही हसली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं यावर दुसरं करायचं तरी काय? पण आत गेल्यावर तव्यावरची पोळी करपली, आणि तिच्या हातून पोळी करपलेली त्या घरात कुणाला आठवत नव्हती.

खाण्याचं म्हणाल तर शामला चिमणीएवढं खायची. दिवसभर पुरणाच्या वाफेत उभ्या असलेल्या बाईची भूक त्या वासानंच मरते. पण दुसऱ्या बाळंतपणानंतर बेंबीखाली जी लहानशी घागर बसली ती हलली नव्हती. हातपाय काटकुळे आणि मध्येच ते पोट. यजमानांच्या बायका म्हणायच्या, पुजारीणबाईंना नैवेद्य मानवतो. शामला ऐकून घ्यायची.

धाराशिवला बसस्टँडसमोर एका दवाखान्याची पाटी तिनं येता-जाता पाहिली होती. सुई नाही, टाके नाहीत, चरबी गोठवा, पोट घालवा. ज्येष्ठ महिन्यात ती एकटी जाऊन आली. घरी लपवलं नाही. गुरुजींना सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, तुझं तू बघ. शामलाचा स्वभाव ते ओळखून होते. ती बोलायची कमी, पण एकदा ठरवलं की मग ती कुणाच्यानं वळायची नाही.

डॉक्टरचं नाव कृष्णराज. परंड्याकडचा तरुण, गोड बोलणारा मुलगा. मशीन चालवणारी हर्षाली नावाची तिशीची बाई होती. तिनं हर्निया, ऑपरेशन, थंडीचा त्रास असं सगळं एका दमात विचारलं, घाई झालेला माणूस आरती म्हणतो तसं. शामलानं नाही नाही म्हटलं. मग पोटावर ओलं, चिकट फडकं घातलं गेलं आणि त्यावर मशीनची पसरट वाटी बसली. वाटीनं पोटाची वळी आत ओढून घेतली. आधी ओढ, मग गारठा, मग चुणचुण, आणि नंतर तर काहीच कळेना. वाटी निघाली तेव्हा तेवढं मांस थंडीत थिजलेल्या तुपासारखं घट्ट झालं होतं. हर्षालीनं ते चोळून मऊ केलं आणि सांगितलं, थोडे दिवस बधिर राहील, लाल दिसेल, घाबरायचं नाही. फरक दोन-तीन महिन्यांत दिसेल.

तसंच झालं. पुढचे काही आठवडे तिथं चिमटा काढला तर तो दुसऱ्याच कुणाच्या अंगाला काढल्यासारखा वाटायचा. मग जाणीव परत आली. शामला रोज अंघोळीच्या वेळी हात फिरवून बघायची. श्रावणात तिला वाटलं, पोट उतरलंय. गणपती बसले तेव्हा निऱ्या खोचताना काहीतरी आडवं येऊ लागलं.

ते कडक होतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. बेंबीखाली गुळाची भेली ठेवावी तसा एक आडवा उंचवटा होता, आणि त्याला कडा होत्या. पोट सुटतं ते असं कडा धरून सुटत नाही. बोट फिरवलं की कुठं सुरू होतं नि कुठं संपतं ते सांगता यावं, अशा त्या कडा. मशीनची वाटी तिला आठवली. मन म्हणालं, तुझा भ्रम.

ती पुन्हा धाराशिवला गेली. डॉक्टरनं टेबलाच्या पलीकडूनच बघितलं. "काकू, वजन वाढलंय. मशीन आपलं काम करतं हो, पण खाण्यावर ताबा तुम्हालाच ठेवायला पाहिजे." मग म्हणाला, थोडं कमी करून या, अजून एक बैठक करू. शामलानं कडांचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हर्षाली मशीनची नळी पुसत उभी होती. पुसून झालेली नळी ती परत पुसायला लागली, एवढं शामलाच्या ध्यानात राहिलं.

घरी गुरुजींनी विचारलं, काय म्हणाला? वजन वाढलंय म्हणाला, असं तिनं सांगितलं. त्या दिवसापासून जेवताना गुरुजींची नजर तिच्या ताटाकडं जाऊ लागली. ते एक शब्द बोलत नव्हते. बोलले असते तर तिला उत्तर तरी देता आलं असतं. नजर यायची, भाकरीवर टेकायची आणि परत आपल्या ताटात जायची. शामलानं रात्रीची भाकरी सोडली. दिवाळीत चकली तोंडात टाकताना ती स्वतःच दचकली, चोरी केल्यासारखी. हळूहळू तिला आपल्याच हाताचा भरवसा वाटेना. कामाच्या नादात आपण पुरण चाखत असू, कळत नसेल, असं वाटू लागलं. भेली मात्र वाढत होती.

पौषात शाकंभरी नवरात्र आलं. शामलानं ठरवलं की यंदा साबुदाणा नाही, भगर नाही, शेंगदाण्याचा कूट नाही. सकाळी दूध, संध्याकाळी दूध आणि एखादं फळ. तेही सगळ्यांच्या देखत, ओसरीवर बसून, म्हणजे कुणाला संशयाला जागा राहायला नको. दिवसभर यजमानांसाठी पुरण शिजवायचं आणि त्यातलं बोटाला लागलेलंही धुऊन टाकायचं. गुरुजी दोनदा म्हणाले, झेपेल का तुला? ती म्हणाली, बघू.

नवरात्र संपत आलं तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. गाल बसले होते. पोलकं अंगावर लोंबत होतं. आणि अंघोळीच्या पाटावर बसून तिनं खाली पाहिलं, तर भेली तिथंच होती. उलट आता ती जास्त उठून दिसत होती. शामलाचं माहेर माकणीचं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की बुडालेला बांध उघडा पडतो, दगड न् दगड मोजता येतो. तसं आजूबाजूचं सगळं उतरलं होतं आणि वाटीचा आकार उघडा पडला होता.

ती बराच वेळ पाटावर बसून राहिली. पाणी निवून गेलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. उलट डोक्यातला गुंता सुटल्यासारखं झालं. हे माझ्या खाण्याचं नाही, हे तिनं तिथं बसून स्वतःला सांगितलं. मग दुसरंही ठरवलं. हे त्या डॉक्टरनं आपल्या तोंडानं सांगितल्याशिवाय उपवास सोडायचा नाही.

इरम्मा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आली, आणि आल्या आल्या तिनं बातमी दिली. शामला दवाखान्यात जाऊन आल्याचं तिला पूजेच्या फोनवर गुरुजींकडून कळलं होतं. धाराशिवच्या त्याच दवाखान्यात तिनं फोन करून वेळ घेतली होती, उद्या देवीचं दर्शन झालं की दुपारची. "वैनी जातात तर म्या का जाऊ न्हाय?" शामलानं तिला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि पदर बाजूला केला. इरम्मानं बोटांनी दाबून पाहिलं. दोन्ही हातांनी दाबून पाहिलं.

"आगाई, दगड हाय की हो ह्यो."

"मशीननं झालंय."

इरम्मानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, घसरलेल्या बांगड्यांकडं पाहिलं. "डाक्टर काय म्हणतोय?" खाण्यानं म्हणतो, असं शामलानं सांगितलं. इरम्मानं पदर तिच्या हातात परत दिला. मग म्हणाली, एखाद्याच्या अंगाला न्हाय मानवत, माझं अंग दांडगं हाय, मला काय होतंय. तिचंही चुकत नव्हतं. डॉक्टर एक सांगतो, पुजारीणबाई एक सांगते, आणि इरम्माला तिच्या सुनांनी घरात नाव ठेवलं होतं भोपळा.

पौर्णिमेला पहाटे दोघी देवळात गेल्या. रिवाजाप्रमाणे शामलानं इरम्माला गोमुखाच्या धारेखाली अंघोळीला नेलं. पौषाचं पाणी, बर्फासारखं. इरम्मानं डोळे मिटून ते अंगावर घेतलं, शामलानं तांब्यानं तिच्या पाठीवर घातलं. दर वर्षीसारख्याच याही वेळी इरम्माच्या दंडावर, पाठीवर, गळ्याखाली लालभडक गांधी उठल्या आणि हाताची बोटं फुगली. इरम्मानं दंड पुढं करून दाखवला. तिला त्याचा अभिमान होता. दुसऱ्या कुणा बाईच्या अंगावर तीर्थाचं पाणी असं उठत नव्हतं.

"आईचा हात फिरला बगा, वैनी."

शामलानं कोरड्या पंच्यानं तिचं अंग पुसलं. लुगडं नेसून होईस्तोवर गांधी बसत आल्या होत्या.

दुपारच्या एसटीनं त्या धाराशिवला उतरल्या. गुरुजी घरी यजमानांच्या नैवेद्यात होते. घरातल्या सगळ्यांनी उपवास सोडला होता, शामलानं नुसतं दूध घेतलं होतं. उन्हात रस्ता ओलांडताना तिला एकदा अंधारी आली. इरम्मानं दंड धरला आणि म्हणाली, अंगात न्हाय बळ आणि भांडायला निघाल्या.

"भांडायला नाही," शामला म्हणाली. "विचारायला."

दवाखान्यात बाहेरच्या खोलीत पाच-सहा बायका बसल्या होत्या. एक नळदुर्गची मास्तरीण होती, एक नवी नवरी आईबरोबर आली होती. डॉक्टर दारात आला तेव्हा शामला पुढं झाली. त्यानं ओळखलं. वजन कमी करून यायचं ठरलं होतं ना काकू, असं हसत म्हणाला. शामला कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर उभी राहिली. त्यानं आकडा बघितला, आणि छान, छान म्हणाला.

"वजन उतरलं, पोट उतरलं नाही. हात लावून बघा."

आज गर्दी आहे, पुढच्या आठवड्यात या, असं तो म्हणाला आणि आत वळला.

"मी बसते," शामला म्हणाली.

आणि ती बसली. तुळजापुरात नवरात्रात बायका देवळात घटी बसतात. एकदा बसल्या की घट उठेपर्यंत त्यांना कुणी उठवत नाही, पुजारीही वाट वाकडी करून जातो. शामला तशी मांडी घालून दवाखान्याच्या बाकावर बसली. जन्मात तिनं परक्या माणसांत आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, तुमचं कितवं? तेव्हा तिनं हळू आवाजात जे झालं ते सांगितलं. बधिरपण सांगितलं, कडा सांगितल्या, उपवास सांगितला. दहा जणींना काही होत नसेल, मला हे झालं, असंही सांगितलं. मास्तरीण पुढं सरकून ऐकू लागली. नवरीच्या आईनं लेकीचा हात धरला.

थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आला. त्याचं हसू आता ओढूनताणून होतं. "काकू, पेशंट घाबरतात अशानं."

"मी घाबरवत नाही. मला झालं ते सांगते. खोटं असलं तर तुम्ही इथं सगळ्यांपुढं सांगा, मी उठते."

तेवढ्यात हर्षालीनं इरम्माचं नाव पुकारलं आणि टेबलापाशी उभं करून तेच सगळं विचारायला सुरुवात केली. हर्निया? न्हाय. ऑपरेशन? न्हाय. गार पाण्यानं, थंडीनं अंगावर काही उठतं?

"न्हाय बा. थंडी मलाच भीत्ये," इरम्मा म्हणाली, आणि बायका हसल्या.

शामला बाकावरून उठली. का उठली ते तिला उठेपर्यंत कळलं नव्हतं.

"इरम्माक्का, सकाळी गोमुखाखाली काय उठलं अंगावर?"

"ती आई हो, वैनी. ती काय थंडी व्हय?"

"घरी गार पाण्यानं न्हाल्यावर उठतं का?"

इरम्मानं जरा विचार केला. तिला लबाडी येत नव्हती. "घरी म्या गार पाणी कुठं घेत्ये? बारा म्हैने कढत पाणी. गारानं अंग फुगतंय म्हणून सासूनं लावली सवय."

खोलीतलं हसणं थांबलं. हर्षालीच्या हातातली लेखणी जागीच राहिली. तिनं डॉक्टरकडं पाहिलं, आणि या वेळी मान वळवली नाही.

डॉक्टर आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात फ्रीजमधली बर्फाची चौकोनी पिशवी होती. त्यानं इरम्माला खुर्चीत बसवलं आणि ती पिशवी तिच्या हातावर दाबून धरली. त्यानं पिशवी उचलली आणि थांबला. आधी नुसतं लाल दिसलं. मग बघता बघता त्या लालीवर फुगीर गांध उठली, चौकोनी, पिशवीच्या मापाची. इरम्मा आपल्या हाताकडं बघत राहिली. इथं तीर्थ नव्हतं, आई नव्हती.

"तुम्हाला हे मशीन लावायचं नाही," डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "कधीच नाही. आणि गार पाण्यात एकदम उतरायचं नाही. नदी नाही, विहीर नाही. चक्कर येऊन जीवावर बेतू शकतं."

"आणि देवीचं तीर्थ?" इरम्मानं विचारलं.

"डोक्याला शिंपडून घ्या," शामला म्हणाली. मग ती डॉक्टरकडं वळली. "आता माझ्या पोटाला हात लावा."

त्यानं तिला आतल्या खोलीत नेलं, बरोबर हर्षालीही आली. या वेळी त्यानं टेबलापलीकडून पाहिलं नाही. कडांवरून बोटं फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. मग हात धुतले. बराच वेळ धुतले.

"हे होतं," तो म्हणाला. "फार क्वचित होतं. गोठवल्यावर चरबी मरायच्या ऐवजी वाढते. का, ते अजून नीट कळलेलं नाही. मी वाचलं होतं. माझ्याकडं होईल असं वाटलं नाही, काकू."

"मागच्या वेळी मी सांगितलं होतं सर," हर्षाली हळूच म्हणाली. त्यानं मान हलवली.

उपवासानं जाईल का, शामलानं विचारलं. नाही. चालून? नाही. परत मशीन लावून? त्यानं तर वाढूही शकेल. ते काढायचं तर सर्जनकडूनच काढावं लागेल. सोलापूरला प्लास्टिक सर्जन आहेत, त्यांना मी स्वतः फोन करतो, थोडं मऊ पडलं की ते करतील. शामलानं ऐकून घेतलं. सुई नाही, टाके नाहीत, ही पाटी आठवली.

"म्हणजे माझ्या खाण्यानं झालेलं नाही."

"नाही. तुमच्या खाण्याचा काहीच संबंध नाही."

"हे बाहेर येऊन सांगा."

तो तिच्याकडं बघत राहिला. काटकुळी, पांढरीफटक पडलेली बाई, पदर सावरत उभी. ती पुन्हा बाकावर जाऊन बसेल, आणि उद्याही येईल, हे त्याला कळलं असावं. तो बाहेर आला. अडखळत अडखळत त्यानं सांगितलं की अशी गाठ क्वचित होऊ शकते, या काकूंना झाली आहे, त्यात त्यांची चूक नाही. ज्यांच्या अंगावर गार पाण्यानं काही उठतं, बोटं पांढरी पडतात, पोटाला हर्निया आहे, त्यांनी आधी सांगायचं. मास्तरणीनं दोन प्रश्न विचारले आणि पिशवी खांद्याला लावली. नवरी आईकडं बघत होती, आई दाराकडं. एक बाई मात्र म्हणाली, क्वचित म्हणजे मला कशाला होतंय, आणि बसून राहिली. शामलानं तिला काही म्हटलं नाही. ऐकून बसली होती ना ती, मग झालं.

"आणखी एक," शामला म्हणाली आणि पिशवीतून फोन काढला. "एवढंच आमच्या ह्यांना सांगा."

डॉक्टरला नाइलाजानं फोन कानाला लावावा लागला. पलीकडून गुरुजींचं बरं, बरं, असं का, एवढंच ऐकू आलं.

परतीच्या एसटीत इरम्मा खिडकीशी बसली. हातावरची चौकोनी गांध बसत आली होती, तरी ती तिथं पुन्हा पुन्हा बघत होती. आळंदला जाऊन सुनांना काय सांगू, असं ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, सांगत्ये की, भोपळा हाय तर हाय. थोड्या वेळानं तिनं शामलाच्या मांडीवर हात ठेवला. "वैनी, चैत्रात म्या बोलले ते..." शामलानं तिचा हात थोपटला आणि डोळे मिटले. तुळजापूर येईपर्यंत तिला जाग आली नाही.

घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. यजमानांच्या पंगती उठून गेल्या होत्या. ओसरीवर दोन पाट मांडलेले होते आणि गुरुजी स्वतः ताट वाढून बसले होते. वाढणं त्यांना जमत नाही, आमटी भातात शिरली होती. शामला हातपाय धुऊन आली, देवीचं नाव घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला. इतक्या दिवसांनी पुरणाची चव जिभेला जड लागली.

सवयीनं गुरुजींची नजर तिच्या ताटाकडं गेली. गेली, आणि तिथंच घोटाळली. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले आणि तुपाची वाटी काढली. पौषाच्या थंडीनं तूप थिजलं होतं. त्यांनी ते चुलीच्या कडेला ठेवलं, पातळ होईपर्यंत वाट पाहिली आणि बाहेर आणून तिच्या पोळीवर ओतलं. ओतताना थोडं तूप ताटाबाहेर सांडलं.

"ऑपरेशनला सोलापूरला मी येतो," ते म्हणाले.

"या," शामला म्हणाली आणि दुसरी पोळी मागितली.